पिकअपला बाजारातला खुला एअर फिल्टर बसवावा काय?



गळीत हंगाम तोंडावर आला की आपल्या कार्यक्षेत्रातील ट्रॅक्टर, ट्रक आणि पिकअप दुरुस्तीला निघतात. हल्ली बऱ्याच सभासदांच्या दारात पिकअप आहे. बेणे, खताची पोती, भाजी, दूध, मोटारीचे पाईप, सगळे तीच वाहते. या गाड्यांबाबत गेल्या वर्षभरात एक प्रश्न आमच्या वाहन विभागाकडे वारंवार आला. तो असा : "कंपनीचा एअर क्लिनरचा डबा काढून बाजारात मिळणारा खुला फिल्टर आणि जाड पाईप बसवला, तर गाडीची ताकद वाढते म्हणतात. खरे काय?"

मोबाईलवर याचे व्हिडिओ पुष्कळ येतात. तरुण मुले ते पाहतात आणि वडिलांच्या मागे लागतात. खर्च काही हजारांचा असतो. म्हणून या अंकात आम्ही या विषयाचा धडा घेत आहोत. यात थोडे गणित येईल, पण उसाच्या वजनपावतीवरच्या गणितापेक्षा ते अवघड नाही.

एक अनुभव

प्रथम एक हकिकत सांगतो. ती ज्यांची आहे त्यांची परवानगी घेतली आहे, नाव मात्र देत नाही.

नदीकाठच्या गावातील आपले एक जुने सभासद. त्यांच्या मुलाने दिवाळीनंतर पिकअपला खुला फिल्टर बसवून घेतला. मूळचा काळा डबा माळ्यावर टाकला. गाडीचा आवाज बदलला, मुलगा खूश झाला. हंगामभर गाडी फडातून, कच्च्या रस्त्याने, ट्रॅक्टरच्या मागून फिरली. फेब्रुवारीत ऑईल कमी होऊ लागले. सकाळी गाडी चालू व्हायला कुरकुर करू लागली, ऑईलचे झाकण काढले की आतून भकाभका धूर येऊ लागला. तेव्हा गाडी आमच्याकडे आली.

आमच्या मिस्त्रींनी इंजिनाकडे जाणारा पाईप सोडवला आणि आतून बोट फिरवले. बोटाला पिठासारखी मऊ, तांबूस माती लागली. ती फिल्टरच्या अलीकडच्या बाजूला नव्हे, पलीकडच्या बाजूला, म्हणजे जिथे स्वच्छ हवाच असायला हवी तिथे होती. मिस्त्री म्हणाले, "तात्या, पोरानं गाडीला हवा दिली, पण हवेबरोबर रानपण दिलं."

मुलगा खाली मान घालून म्हणाला, "साहेब, गाडी लई हलकी पळतेय असं वाटायचं."

इंजिन उघडावे लागले. लायनर, पिस्टन आणि रिंगा बदलाव्या लागल्या. दोष फिल्टरच्या जाळीचा होता की नव्या पाईपच्या सैल पट्टीचा, हे नक्की सांगता आले नाही. पण मूळचा डबा असता तर दोन्ही प्रश्न आले नसते. एवढ्यावरून कुणी लगेच "नवे ते सगळे वाईट" असे म्हणू नये. एका गाडीवरून निष्कर्ष काढणे हे एका वाफ्यावरून एकरी उतारा सांगण्यासारखे आहे. म्हणून आता हिशेबाकडे वळू.

आपल्या बॉयलरचे उदाहरण

आपल्या कारखान्याचा बॉयलर सर्वांनी पाहिला आहे. त्यात बगॅस जळतो. तो जळायला हवा लागते, ती पंख्याने आत ढकलली जाते. आता समजा, बगॅस तेवढाच ठेवला आणि पंखा मात्र वाढवला, तर वाफ वाढेल काय? वाढणार नाही. बगॅस जळायला पुरेशी हवा असताना वरून आणखी हवा दिली तर ती जादा हवा नुसती तापते आणि चिमणीवाटे उष्णता घेऊन निघून जाते. वाफ वाढवायची तर बगॅस वाढवला पाहिजे आणि त्याच्या प्रमाणात हवा.

डिझेल इंजिनाचे अगदी असेच आहे. एक किलो डिझेल पुरते जळायला साधारण साडेचौदा किलो हवा लागते. एक लिटर डिझेल म्हणजे सुमारे ८३० ग्रॅम, त्याला बारा किलो हवा. हवा हलकी असल्याने ही बारा किलो हवा म्हणजे दहा हजार लिटरच्या वर होते. एक लिटर डिझेलला दहा हजार लिटर हवा! यावरून इंजिनाचा श्वास केवढा मोठा आहे हे ध्यानात येईल.

पण डिझेल इंजिन एवढ्यावर थांबत नाही. ते गरजेपेक्षा जास्तच हवा ओढते. डिझेल इंजिनाची ताकद आपण हवा कमी-जास्त करून बदलत नाही, डिझेल कमी-जास्त करून बदलतो. जुन्या गाडीत हे काम पंप करतो आणि पंपाची कमाल मर्यादा कंपनीने बांधून दिलेली असते. नव्या गाडीत, म्हणजे १ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ गाड्यांत, ते काम संगणक करतो. तो हवेचे माप घेतो, पायाखालचे पेडल किती दाबले ते पाहतो आणि ठरलेल्या तक्त्याप्रमाणे डिझेल सोडतो. तक्त्यातील कमाल आकडा गाठला की तुम्ही दारात कितीही हवा उभी करा, जादा डिझेल येत नाही. आणि डिझेल वाढले नाही तर ताकद कुठून वाढणार?

इथे काही जण म्हणतील, "मग पंपच वाढवून घेतो." हा वेगळा उद्योग आहे आणि जास्त महागात पडणारा आहे. त्यात काळा धूर, तापलेले पिस्टन आणि वाढलेले डिझेल अशी तिन्ही संकटे एकदम येतात. आजचा विषय तो नाही, म्हणून इतकेच सांगून पुढे जातो.

हिशेब पहिला : अडथळ्याचा

खुल्या फिल्टरचे विक्रेते सांगतात की कंपनीचा फिल्टर इंजिनाचा श्वास कोंडतो. किती कोंडतो ते मोजता येते. हा अडथळा पाण्याच्या उंचीत मोजतात. चांगल्या स्थितीतील कंपनीचा फिल्टर आणि त्याचे पाईप मिळून हवेला वीसेक सेंटिमीटर पाण्याइतका अडथळा करतात असे धरू.

आता बाहेरच्या हवेचा दाब किती? समुद्रसपाटीला तो सुमारे १०३३ सेंटिमीटर पाण्याइतका असतो. आपल्याकडे उंचीमुळे थोडा कमी. हिशेबाला सोपे म्हणून १००० धरा. म्हणजे हजारात वीस, शेकडा दोन एवढाच अडथळा. खुल्या फिल्टरने तो निम्मा केला असे मान्य केले तरी हवा वाढली शेकडा एक.

ही एक टक्का हवा सगळीच्या सगळी ताकदीत उतरली असे मानले, तरी ७५ हॉर्सपॉवरच्या गाडीला पाऊण हॉर्सपॉवर मिळाली. आणि वर सांगितल्याप्रमाणे डिझेल गाडीत तेवढीही मिळत नाही, कारण डिझेल वाढलेले नसते. दोन पोती खत कमी भरले तरी चढाला याहून जास्त फरक पडेल.

हिशेब दुसरा : उष्णतेचा

हवा तापली की विरळ होते. थंड हवेत त्याच जागेत जास्त वजनाची हवा मावते. म्हणून "थंड हवा ओढणारा पाईप" या नावाने काही संच विकले जातात. तत्त्व खरे आहे. बाजारात बोलल्या जाणाऱ्या बऱ्याच गोष्टींच्या बुडाशी एखादे खरे तत्त्व असते, ते असे.

पण आपली गाडी नीट पाहा. कंपनीने डब्याचे तोंड बहुधा आधीच इंजिनापासून दूर, पुढे किंवा बाजूच्या पत्र्याकडे नेलेले असते, म्हणजे बाहेरची हवा आत यावी. खुला फिल्टर बसवताना तो डबा निघतो आणि नवा फिल्टर बॉनेटखाली इंजिनाच्या शेजारी उघडा बसतो. तिथली हवा तापलेली. विशेषतः फडात, घाटात, सावकाश चालताना बॉनेटखाली किती उकडते हे हात घालून पाहिलेल्यांना सांगायला नको.

बाहेर ४० अंश आणि बॉनेटखाली ६० अंश धरा. हवेच्या घनतेचा हिशेब करताना अंशांत २७३ मिळवतात. ४० चे ३१३ झाले, ६० चे ३३३. भागाकार केला की दिसते, तापलेली हवा शेकडा सहाने विरळ झाली. अडथळा कमी करून एक टक्का मिळवला आणि उष्णतेत सहा टक्के घालवला. टर्बो आणि इंटरकूलर असलेल्या गाडीत यातले काही नुकसान भरून निघते, पण नफा तर नाहीच.

हिशेब तिसरा : धुळीचा

हा हिशेब सर्वांत महत्त्वाचा, म्हणून जरा सावकाश वाचावा.

अडीच लिटरचे इंजिन मिनिटाला ३००० फेरे फिरत असले, तर दर दोन फेऱ्यांत एकदा ते पोटभर श्वास घेते. म्हणजे मिनिटाला १५०० वेळा अडीच लिटर, एकूण ३७५० लिटर. तासाला २२५ घनमीटर. टर्बो असेल तर याहून जास्त.

आता कच्च्या रस्त्यावर पुढे ट्रॅक्टर चालला आहे आणि आपण त्याच्या धुरळ्यात आहोत. अशा जागी एका घनमीटर हवेत पाव ग्रॅम धूळ असू शकते. २२५ घनमीटरला ५६ ग्रॅम. म्हणजे एका तासात मूठभर माती फिल्टरच्या दारात येते. असे शंभर तास गाडी चालली तर साडेपाच किलोच्या वर.

चांगला कागदी फिल्टर नीट बसवलेला असेल तर शेकडा ९९.९ धूळ अडवतो असे धरू. शंभर तासांत आत गेली साडेपाच ग्रॅम, चहाचा एक चमचा. आता दुसरा फिल्टर शेकडा ९८ धूळ अडवतो. ऐकायला कमी वाटत नाही. शंभरात अठ्ठ्याण्णव गुण मिळवणाऱ्या मुलाला आपण पेढे वाटतो! पण आत गेलेली धूळ मोजा : ११२ ग्रॅम. चहाचा कप भरून माती इंजिनाच्या पोटात गेली. फिल्टरच्या आकड्यात फरक दोन टक्क्यांहून कमी, आत जाणाऱ्या धुळीत फरक वीस पट.

कुणी म्हणेल, एवढी धूळ रोज नसते आणि इंजिन नेहमी ३००० फेऱ्यांवर नसते. खरे आहे. धुळीचा दहावा हिस्सा धरा. तरी वीस पट ते वीस पटच राहतात. म्हणून आमचे सांगणे असे की फिल्टर किती धूळ अडवतो हे पाहू नका, किती आत सोडतो ते पाहा.

ही माती काय करते? आपल्या रानातल्या धुळीत वाळूचे बारीक कण असतात आणि ते इंजिनाच्या लायनरच्या बिडापेक्षा कठीण असतात. डोळ्यांना दिसणारा खडा फारसा घातक नाही, तो कुठलीही जाळी अडवते. घातक असतो तो केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्शाचा कण. तो रिंग आणि लायनर यांच्यामधल्या ऑईलच्या थरात शिरतो आणि पॉलिश पेपरासारखा घासत राहतो. टर्बोची पातीही झिजतात. पुढे कॉम्प्रेशन उतरते, ऑईल जळते आणि ज्या ताकदीसाठी फिल्टर बदलला ती ताकदच कमी होते.

कारखाना सभासदांना दर हंगामात विनंती करतो की ऊस स्वच्छ तोडा, मुळाची माती आणि पाचट मोळीत येऊ देऊ नका. का? माती आली की मिलचे रोलर झिजतात. तुमच्या इंजिनाचे लायनर म्हणजे तुमचे रोलरच आहेत.

मग गाडी हलकी का वाटते?

तो मुलगा खोटे बोलत नव्हता. त्याला खरोखर गाडी हलकी वाटत होती. याची तीन कारणे आहेत.

पहिले कारण आवाज. कंपनीचा डबा हवेचा आवाज गिळतो. डबा काढला की इंजिनाचा श्वास मोठ्याने ऐकू येतो. कानाला जोर ऐकू आला की मनाला वेग वाटतो.

दुसरे कारण जुना फिल्टर. ज्याने नवा खुला फिल्टर बसवला त्याचा आधीचा फिल्टर बहुधा मातीने बुजलेला असतो. बुजलेल्या फिल्टरचा अडथळा वीसऐवजी साठ सेंटिमीटरपर्यंत आणि पुढेही जातो. त्या जागी कुठलाही स्वच्छ फिल्टर आला तरी फरक पडणारच. पण तो फरक स्वच्छ फिल्टरचा, खुल्या फिल्टरचा नव्हे. तोच फरक कंपनीच्या काही शे रुपयांच्या नव्या एलिमेंटने मिळाला असता.

तिसरे कारण, त्याच दिवशी गॅरेजमध्ये ऑईल बदललेले असते, डिझेल फिल्टर बदललेला असतो, चाकांत हवा भरलेली असते. काम पाच जणांनी केले आणि सत्कार एकट्याचा झाला, असा प्रकार.

अमेरिकेतील चाचणी

या खुल्या फिल्टरांची हौस मूळची अमेरिकेतली. तिथे पिकअप हे घराघरातले वाहन आहे आणि त्यात मोठी पेट्रोल इंजिने असतात. म्हणून तिथली माहितीही पाहणे योग्य.

तिथल्या टेनेसी राज्यातील ओक रिज या राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ साली एअर फिल्टरवरील चाचण्यांचा अहवाल काढला. पेट्रोल गाड्यांना मुद्दाम बुजवलेला फिल्टर लावून आणि मग स्वच्छ फिल्टर लावून त्या तपासल्या. संगणकाने इंधन सोडणाऱ्या नव्या गाड्यांत बुजलेल्या फिल्टरमुळे मायलेजमध्ये म्हणावा असा फरक पडला नाही. मात्र वेग घेण्याच्या वेळेत स्वच्छ फिल्टरने शेकडा ६ ते ११ सुधारणा दिसली. कार्ब्युरेटरच्या १९७२ सालच्या जुन्या गाडीत मायलेजमध्येही फरक दिसला.

यातून दोन गोष्टी कळतात. एक, बुजलेला फिल्टर बदलणे खरोखर फायद्याचे आहे. दोन, हा फायदा बुजलेला आणि स्वच्छ यांच्यातला आहे. कंपनीचा स्वच्छ आणि बाजारातला स्वच्छ यांच्यातला नव्हे. विक्री करणारे पहिल्याचा आकडा दाखवून दुसरा माल विकतात, तिथे गफलत होते.

याच अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात रस्त्यावरच्या गाडीला असा संच बसवायचा तर त्या संचाला राज्याच्या हवा मंडळाचा मंजुरी क्रमांक असावा लागतो. म्हणजे जिथून ही हौस आली तिथेही ती सरसकट मोकळी नाही.

दुसरी बाजू

आम्ही एकतर्फी लिहीत नाही. खुल्या फिल्टरचा उपयोग होतो अशाही जागा आहेत. मोठ्या पेट्रोल इंजिनात, अगदी वरच्या फेऱ्यांत, पेडल पूर्ण दाबलेले असताना, यंत्रावर मोजले तर काही हॉर्सपॉवर वाढलेली दिसू शकते. शर्यतीच्या गाडीत टर्बो, इंधन, सायलेन्सर सगळेच बदललेले असते. तिथे मूळचा डबा खरोखर अपुरा पडतो. शिवाय शर्यतीचे इंजिन वारंवार उघडले जाते, त्याच्या आयुष्याची चिंता कुणी करत नाही. आपली पिकअप कर्जाचे हप्ते फिटेपर्यंत आणि फिटल्यावरही दहा वर्षे चालायची असते. दोघांचे गणित एक नाही.

बाजारातले सगळेच फिल्टर कमी प्रतीचे असतात असेही नाही. काही तेल लावलेल्या सुती कापडाचे असतात आणि धुऊन पुन्हा वापरता येतात. पण धुतल्यावर त्यांना ठरलेलेच तेल, ठरलेल्या मापानेच लावावे लागते. तेल कमी पडले तर धूळ आत जाते. जास्त झाले तर तेलाचा अंश हवा मोजणाऱ्या नाजूक सेन्सरवर बसून नव्या गाडीचा संगणक गोंधळू शकतो. एवढी निगा घरच्या घरी होईल काय, हे ज्याचे त्याने ठरवावे.

तरीही घ्यायचाच असेल तर दुकानदाराला एकच प्रश्न विचारा : "आयएसओ ५०११ प्रमाणे याची धुळीची चाचणी झाली आहे का, आणि शेकडा किती धूळ अडवतो?" एअर फिल्टर तपासण्याची ती आंतरराष्ट्रीय पद्धत आहे. ताकदीचे आकडे सांगणारे पुष्कळ भेटतील, धुळीचा आकडा लेखी देणारा विरळा. गाडी वॉरंटीत असेल तर हेही ध्यानात ठेवा की अशा फेरबदलामुळे इंजिन बिघडले असे दिसल्यास कंपनी दुरुस्तीचा खर्च नाकारू शकते.

मग ताकद टिकवायची कशी?

खाली दिलेली कामे साधी आहेत आणि ट्रॅक्टर-पिकअप दोघांनाही लागू आहेत.

१. हंगामापूर्वी एलिमेंट तपासावे. कागद फाटलेला, ओला झालेला किंवा कडेचे रबर कडक झालेले असेल तर बदलावे. अस्सल किंवा खात्रीचेच घ्यावे.

२. कागदी एलिमेंट पाण्याने, डिझेलने किंवा पेट्रोलने धुऊ नये. दगडावर आपटू नये. हवा मारायची तर कमी दाबाने आणि आतून बाहेर मारावी. बाहेरून आत मारली तर धूळ कागदात रुतते. पंक्चरवाल्याच्या पूर्ण दाबाच्या हवेने कागदाला डोळ्यांना न दिसणारी भोके पडतात.

३. फिल्टर रोज उघडू नये. थोडी धूळ बसलेला कागद नव्या कागदापेक्षा बारीक धूळ चांगली अडवतो. शिवाय दर वेळी उघडताना थोडी माती आत पडते. अडथळा दाखवणारी खूण असेल तर ती लाल झाल्यावर, नसेल तर पुस्तकातल्या वेळेप्रमाणे उघडावे. फडातल्या गाडीने ही वेळ लवकर धरावी.

४. डब्याखाली धूळ सोडणारे रबराचे तोंड असेल तर आठवड्यातून एकदा बोटांनी दाबून माती पाडावी. ते हरवले असेल तर आजच आणावे.

५. फिल्टरपासून इंजिनापर्यंतचा रबरी पाईप आणि त्याच्या पट्ट्या हाताने हलवून पाहाव्यात. इथे एक चीर असली तर वरचा फिल्टर सोन्याचा असून उपयोग नाही. पाईप काढून आतून पांढरे फडके फिरवावे. फडके मळले तर कुठूनतरी धूळ शिरते आहे.

६. जुन्या ट्रॅक्टरला तेलाचा एअर क्लिनर असेल तर वाटीतला गाळ काढून खुणेपर्यंतच तेल भरावे. खुणेवर तेल भरल्यास इंजिन ते ओढून घेते आणि कधी कधी आपोआप वेग घेते. यात मोठा धोका आहे.

एवढे करूनही गाडी ओढत नसेल तर डिझेल फिल्टर, टर्बोचे पाईप, क्लच, चिकटलेले ब्रेक आणि चाकातली हवा, या क्रमाने पाहावे. "गाडीला दम नाही" या तक्रारीचे मूळ बहुतेक वेळा यातच सापडते, असा आमच्या विभागाचा अनुभव आहे.

स्वतः परीक्षा घ्या

आमच्या सांगण्यावर विश्वास ठेवायलाच हवा असे नाही. ज्यांनी खुला फिल्टर आधीच बसवला आहे त्यांनी एक परीक्षा करावी. जवळचा एक चढ निवडा, रहदारी नसेल अशी वेळ धरा. गाडीत मोजून माल भरा, काट्यावर वजन करा. चढाच्या पायथ्याला ठरलेल्या गियरमध्ये, ठरलेल्या वेगाने या आणि पेडल पूर्ण दाबून वरच्या खुणेपर्यंत किती सेकंद लागतात ते शेजारी बसणाऱ्याने मोजावे. वेगाची मर्यादा पाळावी. असे तीन वेळा करा. मग मूळचा डबा नव्या एलिमेंटसह बसवून त्याच दिवशी, तेवढ्याच मालावर पुन्हा तीन वेळा करा. मोजणाऱ्याने कान झाकून घेतले तर आणखी उत्तम! सहा आकडे कागदावर मांडले की उत्तर समोर येईल. ज्यांना शक्य असेल त्यांनी ते आकडे आमच्याकडे पाठवावेत. आमच्या म्हणण्याविरुद्ध आले तरी पाठवावेत, ते याच पानावर छापू.

शेवटी

वरच्या हकिकतीतील सभासदांची गाडी आता बरी आहे. माळ्यावरचा डबा झाडून, पुसून, नवे एलिमेंट घालून पुन्हा बसवला आहे. इंजिनाच्या कामाला त्यांच्या उसाच्या बिलातले चांगलेच पैसे गेले. ते बिल घरातल्या दुसऱ्या कामासाठी ठेवलेले होते. परवा ते वजनकाट्यापाशी भेटले, तेव्हा म्हणाले, "पोराला बोललो नाही. मीपण त्याच्या वयात ट्रॅक्टरचा सायलेन्सर काढून फिरलोय. पण हे तुम्ही छापा, म्हणजे दुसऱ्या कुणाचं बिल वाचेल."

त्यांच्या सांगण्यावरून हा लेख छापला आहे. घरात पिकअप चालवणारा मुलगा असेल तर त्यालाही तो वाचायला द्यावा, आणि हंगाम सुरू होण्यापूर्वी एकदा एअर क्लिनर उघडून पाहावा, ही विनंती.